जुन्या मोटारीचें आयुष्य

१९०७ सालीं इंग्लंडांत एका मोटारीची अशी कांहीं परीक्षा झाली कीं, तिची कथा मोटारींच्या इतिहासांत अद्यापि सांगितली जाते. रोल्स-रॉइस कंपनीनें चंदेरी रंग देऊन सजविलेली आणि 'सिल्व्हर घोस्ट' या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेली ती मोटार लंडन व ग्लासगो या दोन शहरांच्या दरम्यान सारखी धांवती ठेवण्यांत आली. ६२९ व्या मैलावर ती एकाएकीं थांबली. तपास करतां असें आढळलें कीं, रस्त्याच्या हादऱ्यांनीं पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती. तोटी उघडतांच मोटार निघाली, आणि टायरांचा अपवाद सोडला तर पुढील १४,३७१ मैलांत ती एकदांही नाइलाजानें थांबली नाहीं. नंतर ती सुटी करून तिचा प्रत्येक भाग तपासला, तेव्हां तिला पुन्हां नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या सामानाची किंमत भरली अवघी २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स.

या कथेचा उल्लेख बहुधा कारखानदाराच्या कौशल्याची साक्ष म्हणून केला जातो, आणि तो यथार्थही आहे. मला मात्र तिच्यांतील त्या तोटीचें महत्त्व अधिक वाटतें. इंजिन निर्दोष होतें, चाकें निर्दोष होतीं. तरी एका क्षुद्र तोटीनें सारा डोलारा रस्त्यांत उभा केला. मोटार जुनी होऊं लागली म्हणजे अशा तोट्यांची संख्या वाढत जाते, इतकेंच. नवी मोटार कशी घडविली गेली याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. घडविलेली मोटार टिकविली कशी गेली, या इतिहासाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्याविषयीं आज आपणांपुढें चार शब्द बोलावयाचे आहेत.

निगेची ही विद्या मोटारीबरोबरच जन्मास आली असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील शेतकरी बैलगाडीच्या आंसाला वंगण घातल्यावांचून लांबच्या वाटेस निघत नसे, आणि वंगणाचा नळा गाडीखालींच टांगलेला असे. चाक कुरकुरूं लागलें म्हणजे उतरून वंगण घालावयाचें ही सामान्य रीत. कुरकुरण्यापूर्वींच घालणारा तो शहाणा गाडीवान. युरोप-अमेरिकेंत घोड्यांच्या गाड्यांचीही हीच तऱ्हा होती. पहिल्या मोटारी ज्यांनीं विकत घेतल्या ते लोक याच रीतींत वाढलेले असल्यामुळें त्यांना तेलाची डबी घेऊन मोटारीखालीं शिरणें कमीपणाचें वाटलें नाहीं. ज्यांना वाटलें त्यांनीं शोफर ठेविले.

हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती, आणि या अवधींत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती बाहेर पडल्या. शोफर न ठेवतां मोटार बाळगणारा नवा वर्ग तिनें निर्माण केला. म्हणून निगेच्या इतिहासाचा खरा आरंभ तिच्यापासून धरावयास हरकत नाहीं. तिला पाण्याचा पंप नव्हता, तेलाची गाळणी नव्हती, पेट्रोल किती उरलें हें दाखविणारा कांटा नव्हता. बैठक उचलून टांकींत काठी बुडवावयाची आणि ओल कोठवर आली ती पाहावयाची! तेल पाहण्याची युक्ति तर याहून गंमतीची होती. इंजिनाच्या मागील पेटीस खालच्या बाजूला एकीवर एक अशा दोन लहान तोट्या असत. खालची तोटी उघडल्यावर तेल आलें तर ठीक. वरचींतूनही आलें तर तेल जास्त झालें. आणि खालचींतूनही आलें नाहीं, तर मालकानें घरींच राहावें हें बरें. शिवाय ठिकठिकाणीं ग्रीसच्या लहान लहान पितळी वाट्या बसविलेल्या असत. त्यांचीं झांकणें हातानें पिळलीं म्हणजे ग्रीस आंत दाबलें जाई. नव्या गाडीचें तेल पहिल्या ४०० मैलांनंतर काढून टाकावें, असा कंपनीचा स्पष्ट उपदेश होता. कारण नवे भाग एकमेकांवर घासून झडलेला धातूचा कीस त्या तेलांत उतरलेला असे.

आजच्या मनुष्यास हा सारा जाच वाटेल. परंतु या जाचाचा एक गुण होता. मोटारीचा मालक दररोज तिच्याखालीं डोकावत असे, आणि डोकावणाऱ्यास पुष्कळ गोष्टी आयत्याच दिसतात. जमिनीवर पडलेला तेलाचा ठिपका, सैल झालेली चाकी, फुगलेली रबरी नळी, एका बाजूनेंच झिजलेला टायर, या गोष्टी शोधण्यासाठीं विद्वत्ता लागत नाहीं. वांकावें मात्र लागतें.

पुढील पंचवीस वर्षांत एकामागून एक असे शोध लागले कीं, वांकण्याचें कारण कमी कमी होत गेलें. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत आर्थर गुलबोर्ग यानें दाबानें ग्रीस भरण्याची पिचकारी प्रचारांत आणली, आणि ऑस्कर झर्क यानें तिच्यासाठीं जी लहानशी घुंडी शोधून काढली तिचें पेटंट त्यास १९२९ सालीं मिळालें. आपल्या गॅरेजांतून जिला 'ग्रीस निपल' म्हणतात ती हीच. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलंड यानें इंजिनाचें तेल गाळण्याची गाळणी तयार केली. १९२४ सालच्या क्रायस्लर मोटारींत तेलाची गाळणी व हवेची गाळणी या दोन्ही मुळांतच बसविलेल्या होत्या. माझ्या मतें वाफेच्या यंत्रानंतर गाळणीइतका नम्र आणि गाळणीइतका उपकारक शोध यंत्रविद्येंत क्वचितच लागला असेल. नळकांडें व दट्ट्या यांचा खरा शत्रु वेग नव्हे, धूळ होय. रस्त्यावरील बारीक वाळू हवेबरोबर आंत शिरली व तेलांत मिसळली कीं, तें तेल वंगण राहत नाहीं. तें कानशीचें काम करूं लागतें.

तेलाच्या बाबतींतही असेंच घडलें. अमेरिकेंतील मोटार-एंजिनियरांच्या संस्थेनें १९११ सालीं तेलांच्या दाटपणाच्या प्रती ठरविल्या, तेव्हांपासून 'तीस नंबर', 'चाळीस नंबर' अशी भाषा रूढ झाली. तत्पूर्वीं दुकानदार सांगेल तें तेल. पुढें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनांमधील दट्ट्यांच्या कड्या काजळीनें चिकटून बसूं लागल्या, तेव्हां मळ धुऊन तो आपल्यांत तरंगत ठेवणारीं द्रव्यें तेलांत मिसळण्यास आरंभ झाला. येथें एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. जुने लोक काळें पडलेलें तेल पाहून 'तेल वाईट निघालें' असें म्हणत. या नव्या जातीचें तेल तर काळें पडलेंच पाहिजे. तें काळें पडतें याचाच अर्थ मळ इंजिनांत न बसतां तेलांत येत आहे. दोष तेल काळें होण्यांत नाहीं, काळें झाल्यावर तें वर्ष-वर्ष तसेंच ठेवण्यांत आहे. चांगलें तेल आणि गाळण्या येण्यापूर्वीं दर कांहीं हजार मैलांनंतर इंजिनाचें डोकें उतरवून आंतील कोळसा खरवडून काढावा लागे आणि झडपा घांसून पुन्हां बसवाव्या लागत. तें काम आज नामशेष झालें आहे, आणि त्याबद्दल कोणी शोक करूं नये.

परंतु प्रत्येक शोधानें मालकाचें एकेक काम हलकें केलें, तसें त्याचें एकेक अवधानही हिरावून घेतलें. हात जसजसा यंत्रापासून दूर गेला तसतसा कानही दूर गेला. मोटार ही रोज जेवूं घालण्याची वस्तु न राहतां, बिघडली म्हणजे दुरुस्तीस न्यावयाची वस्तु झाली.

या वृत्तीस पहिला मोठा धक्का दिला तो दुसऱ्या महायुद्धानें. १९४२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील खाजगी मोटारींची निर्मिति बंद झाली. मलाया व डच ईस्ट इंडीज हे रबराचे प्रदेश जपानच्या हातीं गेल्यामुळें टायरांवर नियंत्रण आलें, आणि टायर वांचविण्यासाठीं ताशीं ३५ मैल ही वेगाची मर्यादा घालण्यांत आली. दर दोन-तीन वर्षांनीं मोटार बदलणाऱ्या राष्ट्रास आहे तीच मोटार युद्ध संपेपर्यंत चालविणें भाग पडलें. सैन्यापुढील प्रश्न याहून बिकट होता. कारण लाखो वाहनें अशा तरुणांच्या हातीं होतीं कीं, ज्यांस गाडी पळविणें ठाऊक होतें, तिला तेल-पाणी घालणें ठाऊक नव्हतें. तेव्हां 'बिघडण्यापूर्वींची निगा' हा सैनिकी शिस्तीचा एक भाग करण्यांत आला. तो शिकविण्याची रीत मोठी मार्मिक होती. विल आयझ्नर हा चित्रकथा लिहिणारा कलावंत सैन्यांत भरती झाला होता. त्यानें 'आर्मी मोटर्स' या नियतकालिकांत जो डोप नांवाचा एक गबाळा शिपाई रंगविला. निगेची हेळसांड करावयाची आणि फजीत व्हावयाचें, हा त्याचा क्रम. मोठमोठे नियमग्रंथ ज्यांनीं उघडले नसते त्यांनीं ही चित्रें आवडीनें पाहिलीं. ही कल्पना इतकी लागू पडली कीं, १९५१ च्या जूनपासून अमेरिकन सैन्यानें केवळ निगेस वाहिलेलें एक मासिकच सुरू केलें, आणि १९७१ पर्यंत त्याच्या चित्रांची धुरा आयझ्नर यानेंच वाहिली.

युद्धकाळांत आपल्याकडेही पेट्रोलवर नियंत्रण आलें व मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या. कोळशाच्या गॅसबरोबर राख आणि डांबर इंजिनांत जाऊं नये म्हणून त्या भट्टीच्या गाळण्या वारंवार साफ कराव्या लागत. टाळाटाळ करणाऱ्याचें इंजिन लवकरच झिजे. मग नवें इंजिन आणावयाचें कोठून?

हा प्रश्न युद्धाबरोबर संपला नाहीं. आपल्याकडे तर तो खरा सुरू झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९२८ पासून मुंबईंत शिवडीस मोटारींची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीनें १९५४ सालीं आपलें काम आवरलें. परदेशी गाड्यांची आयात जवळ जवळ थांबली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट मोटारी तयार होऊं लागल्या. नवी मोटार नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. अशा देशांत जुनी मोटार म्हणजे टाकाऊ वस्तु नव्हती. ती मिळकत होती, आणि मिळकतीसारखीच ती राखली जाई. क्यूबांत १९६० नंतर अमेरिकेचा व्यापार बंद झाल्यावर तेथील लोकांनीं जुन्या अमेरिकन गाड्या कशा जगविल्या याचीं वर्णनें आपण कौतुकानें वाचतों. परंतु तोच उद्योग मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं आपल्या डोळ्यांदेखत केला, याचें कौतुक आपणांस तितकें वाटलें नाहीं.

फियाटची ही मोटार १९७४ पासून 'प्रीमिअर पद्मिनी' या नांवानें निघूं लागली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबास, आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. रचना मूळची इटालियन, आणि १९५० नंतरच्या दशकांतील. म्हणून तिला वारंवार हात लावावा लागे. पुढच्या चाकांच्या किंगपिनांत ग्रीस भरावयाचें, टॅपेटांतील अंतर मोजून जुळवावयाचें, पॉइंट घासावयाचे, प्लग साफ करावयाचे, आणि ड्रम उघडून ब्रेक जवळ आणावयाचे. यांतील एकही काम महाग नव्हतें. रस्त्याच्या कडेचा मिस्त्री मोजक्या हत्यारांनिशीं तीं करी. सुटे भाग कुर्ल्याच्या व चोर बाजाराच्या दुकानांत मिळत. टॅक्सी ज्याच्या पोटाचें साधन होती त्यास हें गणित शिकवावें लागत नसे. गाडी एक दिवस उभी राहिली तर मिस्त्रीची मजुरी एकीकडे आणि बुडालेलें भाडें दुसरीकडे, असा दुहेरी खर्च त्यास सोसावा लागे. शिवाय भाड्याच्या वाहनांस योग्यतेचा दाखला घेण्याचें बंधन १९३९ च्या मोटार कायद्यानेंच घातलें होतें.

लहान खर्च चुकविला म्हणजे मोठा कसा ओढवतो, याचें उदाहरण पाहावयाचें तर मुंबईहून पुण्यास जातांना लागणारा बोरघाट पुरेसा आहे. रेडिएटरची रबरी नळी आंतून फुगलेली आहे, परंतु वरून बरी दिसते, असें समजा. सपाटीवर ती निभावते. घाटांत इंजिन तापतें, पाण्याचा दाब वाढतो आणि नळी फाटते. पाणी वाहून जातें. चालक 'वर चढलों कीं पाहूं' म्हणून आणखी मैलभर रेटतो. तितक्यांत इंजिनाचें डोकें तापून वांकतें, त्याखालचें गॅस्केट जळतें आणि उरलेलें पाणी तेलांत उतरतें. पाणी मिसळलेलें तेल दुधट होतें व बेअरिंगांना वंगण पुरवीत नाहीं. तीं बेअरिंगें गेलीं म्हणजे सबंध इंजिन उघडण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. एका नळीची किंमत आणि इंजिन नव्यानें बांधण्याची किंमत यांतील अंतर कोणत्याही मिस्त्रीस विचारावें. आणि हें सारें टाळण्याचा उपाय कोणता? तर थंड इंजिनाची नळी दोन बोटांनीं दाबून पाहणें. ती मऊ पडली असेल, चिरली असेल किंवा टोकाशीं फुगली असेल, तर बदलावी. पाण्याऐवजीं गंजरोधक द्रव घालावा, आणि त्याचेंही सत्त्व कांहीं वर्षांनीं संपतें हें विसरूं नये. नळाचें पाणी घातल्यानें आंत क्षार बसतात आणि रेडिएटरच्या बारीक वाहिन्या बुजतात.

पद्मिनीनंतरच्या मोटारींनीं मालकाचीं कामें आणखी कमी केलीं. पॉइंट गेले, कार्बोरेटर गेला, बहुतेक ठिकाणीं ग्रीसही गेलें. परंतु त्यांच्यांत एक नवी तोटी बसली, आणि ती डोळ्यांआड बसली. १९६२ च्या सुमारास जर्मनीच्या ग्लास कंपनीनें झडपा चालविणाऱ्या लोखंडी सांखळीच्या जागीं दांतेरी रबरी पट्टा वापरला. पुढें तो जगभर पसरला, आणि १९८३ सालीं आपल्याकडे आलेल्या मारुतीच्या लहान मोटारींतही तोच होता. सांखळी झिजली म्हणजे खडखड करून पूर्वसूचना देते. पट्टा मुकाट असतो, आणि मुकाटपणेंच तुटतो. तो तुटला म्हणजे अनेक इंजिनांत उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्टे आदळतात व झडपा वांकतात. अशा मोटारीचा पट्टा साधारणतः ८० हजार ते १ लक्ष किलोमीटरांनंतर, अथवा पांच-सहा वर्षांनंतर, ज्या-त्या गाडीच्या पुस्तकांत दिलें असेल त्याप्रमाणें, बदलणेंच इष्ट. गाडी फारशी चालली नाहीं हें कारण येथें उपयोगी पडत नाहीं. रबर उभ्या उभ्याही म्हातारें होतें. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें तर पट्टा केव्हां बदलला याचा लेखी पुरावा मागावा, आणि तो नसेल तर पट्टा जुनाच आहे असें धरून चालावें.

ब्रेकमधील तेलाची गोष्ट अशीच आहे. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीपासून चारही चाकांना द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक आले. हा द्रव हवेंतील दमटपणा शोषून घेतो, आणि कोंकणपट्टीच्या हवेंत दमटपणास काय तोटा! पाणी मिसळलेला द्रव घाट उतरतांना तापून उकळतो, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाहीं. शिवाय तेंच पाणी आंतल्या नळ्यांना गंजवितें. दर दोन वर्षांनीं तो द्रव बदलण्याचा खर्च थोडा आहे. येथें केवळ पैशाचा प्रश्न नाहीं, हें सांगावयास नकोच.

पद्मिनीचें पुढें काय झालें, तें सांगितलें पाहिजे. तिची निर्मिति २००० सालच्या सुमारास थांबली. मुंबईंतील टॅक्सीस २० वर्षांची वयोमर्यादा २०१३ सालीं लागू झाली, आणि २००३ च्या २९ ऑक्टोबरला ताडदेवच्या कचेरींत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या मर्यादेप्रमाणें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. माझें मत येथें थोडें वेगळें आहे. निगेनें यंत्राचें आयुष्य वाढतें. परंतु जुन्या रचनेच्या इंजिनाचा धूर नव्या रचनेच्या इंजिनाइतका स्वच्छ होत नाहीं, कितीही निगा ठेविली तरी नाहीं. कोट्यवधि लोकांनीं श्वास घ्यावयाच्या शहरांत टॅक्सीला वयाची मर्यादा असणें गैर नव्हे. मात्र त्या गाड्या यंत्रें बंद पडलीं म्हणून गेल्या नाहींत, वर्षें भरलीं म्हणून गेल्या. रोज दोन पाळ्यांत, पावसाळ्यांतील गुडघाभर पाण्यांतून, इतकीं वर्षें त्या चालल्या याचें श्रेय कारखान्याइतकेंच त्या अनामिक मिस्त्रींना आहे.

खाजगी मालकांकडे अजूनही कांहीं पद्मिनी आहेत. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर मोटार तपासणीस नेऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. तेथें ब्रेक, दिवे आणि धूर पाहिले जातात. रबरी नळी दाबून पाहण्याचें काम मात्र तेथें कोणी करीत नाहीं. तें मालकानें घरूनच करून जावयाचें असतें.